परमुलखातली पऱ्हाटी

अलाबामा राज्यातल्या एंटरप्राइझ गावाच्या भर चौकात एका किड्याचं स्मारक आहे. ग्रीक धाटणीचा पायघोळ झगा घातलेली एक पांढरीशुभ्र बाई दोन्ही हात डोक्यावर ताणून उभी आहे आणि तिनं उचलून धरलेल्या बैठकीवर एक काळा, सोंडवाला, अवाढव्य भुंगा बसवलाय. पुतळ्याचं अनावरण झालं 11 डिसेंबर 1919 रोजी. किडा मात्र तिच्या हातांवर चढला 1949 साली. तोवर तीस वर्षं ती बाई किड्याविनाच किड्याचे आभार मानत उभी होती. खालच्या पाटीवर लिहिलंय की या गावाला जी भरभराट आली, तिची वर्दी बोंडभुंग्यानं दिली, म्हणून हे स्मारक.

विदर्भातल्या कोणत्याही कास्तकाराला ही पाटी वाचून दाखवा, तो आधी तुमच्याकडे पाहील आणि मग चहा मागवेल.

हा भुंगा खरा असतो जेमतेम सहा मिलिमीटरचा. 1892च्या सुमारास तो मेक्सिकोतून टेक्ससमध्ये शिरला आणि दरवर्षी थोडा थोडा पूर्वेकडे सरकत 1915 साली एंटरप्राइझ ज्या कॉफी काउंटीत आहे तिथं पोचला. सोंडेनं पातीला भोक पाडायचं, आत अंडं घालायचं, पाती गळून पडायची. बोंड धरायचंच नाही. कापसाशिवाय दुसरं पीक ठाऊक नसलेला मुलूख. बँकांची कर्जं थकली, तेव्हा इथल्या काही लोकांनी भुईमूग लावून पाहिला, आणि 1917 साली याच काउंटीनं देशात सर्वाधिक भुईमूग पिकवला. पुतळा उभा राहिला तो या आनंदात. आजही चौकापासून थोडं पुढे गेलं की पेट्रोल पंपावरच्या दुकानात मोठ्या भांड्यात उकडलेल्या शेंगा वाफाळत असतात, एक भांडं साधं, एक तिखट. मिठाच्या पाण्यात उकडलेली ओली शेंग ही तर आमच्याकडच्या पावसाळ्याची चव. मी दोन कागदी पेले भरून घेतले आणि व्हॅनमध्ये बसून टरफलांचा ढीग केला.

व्हॅन भाड्याची होती. उंच टपाची, मागं फळ्यांवर टाकलेली गादी, एक गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी आणि खिडक्यांना आतून लावायचे पडदे. मी अटलांटात नोकरी करते. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे. घरची पऱ्हाटी आता काका पाहतात. 2024च्या ऑक्टोबरात, कापूस फुटायच्या हंगामात, अलाबामातून मिसिसिपीपर्यंतची कापसाची गावं एकटीनं पाहायची ठरवली. ऑफिसात मी ही योजना सांगितली तेव्हा सहकाऱ्यांनी विचारलं, तिथं पाहण्यासारखं काय आहे? त्यांचं चुकत नव्हतं. न्यू ऑर्लिन्स आणि नॅशव्हिलच्या मधला हा पट्टा लोक विमानातून ओलांडतात. अशा गावांत मोटेल असलंच तर तीस-चाळीस किलोमीटरवर, महामार्गाच्या फाट्याशी. जिनिंगच्या दारात सकाळी सहाला उभं राहायचं तर तिथंच झोपावं लागतं, म्हणून व्हॅन.

एकटीनं व्हॅनमध्ये राहण्याबद्दल मैत्रिणी फार विचारतात, तर ते एकदाच सांगून टाकते. मोठ्या सुपरमार्केटच्या वाहनतळावर रात्र काढता येते, पण आत जाऊन व्यवस्थापकाला विचारायचं. होय-नाही त्याच्या हातात. सरकारी तळी आणि धरणांच्या काठी स्वस्त तळ असतात, तिथं नळ आणि न्हाणीघर मिळतं. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावायची. दक्षिणेतली ऑक्टोबरची रात्रही दमट असते आणि डास मिसिसिपीत अधिक. एका गावात मध्यरात्री शेरीफच्या माणसानं काचेवर टॉर्च टकटकवला. कुठून आलात, कशासाठी आलात. कापूस बघायला, म्हटलं. त्याला ते पटलं नसावं, पण त्यानं मला चर्चमागची जास्त उजेडाची जागा दाखवली आणि माझी गाडी तिथं लागेपर्यंत थांबून राहिला. बाकी भीतीचे किस्से माझ्याकडे नाहीत.

एंटरप्राइझहून काकांना पुतळ्याचा फोटो पाठवला. त्यांचा उलटा फोन आला. "हे अळीच्या पाया पडतेत का वं तिकडं?" मी सांगितलं, पाया पडले आणि मग मुळासकट संपवलंसुद्धा. 1978 साली व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलिनाच्या सीमेवरून बोंडभुंगा निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. शेताशेतात गंधाचे सापळे, ठरल्या वेळी फवारणी, प्रत्येक कापूसवाल्याकडून एकरी वर्गणी. आणि शेतकऱ्यांच्या मतदानानं योजना मंजूर झाली की त्या भागात कुणालाही बाहेर राहता येत नसे. आज हा भुंगा अमेरिकेत फक्त टेक्ससच्या दक्षिण टोकाशी उरलाय. आपली जी वैरीण, ती गुलाबी बोंडअळी, तीही पश्चिमेकडच्या राज्यांतून संपल्याचं अमेरिकेनं ऑक्टोबर 2018मध्ये जाहीर केलं. विमानातून वांझ पतंग सोडले, बीटी वाण लावलं, गंधाचे सापळे लावले, आणि हे सारं सीमेपलीकडच्या मेक्सिकोसह एकत्र केलं. त्याच्या आदल्याच वर्षी, 2017 साली, आमच्या जिल्ह्यात याच अळीनं बोंडं पोखरली होती आणि फवारताना विषबाधा होऊन माणसं मेली होती. बियाणं दोन्हीकडे बीटीच. फरक होता तो सगळ्यांनी एकत्र करायच्या कामाचा.

एंटरप्राइझहून उत्तरेला ट्रॉयवरून टस्कीगी. या गावाचं नाव जगातल्या इतर कोणत्याही भाषेपेक्षा मराठीत जास्त घरांत ठाऊक असेल असं मला वाटतं, आणि त्याचं कारण वीणा गवाणकर. त्यांचं 'एक होता कार्व्हर' 1981 साली आलं आणि तेव्हापासून ते शाळेच्या बक्षिसांतून, मुंजीच्या भेटींतून घरोघर गेलं. मी सातवीत वाचलं. कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर 1896 साली आयोवातून इथं आला आणि 5 जानेवारी 1943 रोजी गेला तो इथंच, बुकर टी. वॉशिंग्टनच्या शेजारी विद्यापीठाच्या आवारात त्याची कबर आहे. वॉशिंग्टननं 1881 साली सुरू केलेल्या संस्थेच्या जुन्या इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनी भाजलेल्या आहेत. कार्व्हरचं 1916चं भुईमूग-पत्रक, पदार्थांच्या 105 कृतींसह, अजून छापलं जातं. (पीनट बटर त्यानं शोधलं ही मात्र दंतकथा. अमेरिकेत मुलांना अजून शिकवतात.)

मला जास्त ओढ होती ती त्याच्या गाडीची. 1906 साली कार्व्हरनं एक घोडागाडी आखली, न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप या धनिकानं पैसे दिले, आणि बियाणं, अवजारं, दूध घुसळायची यंत्रं लादून ती खेड्यापाड्यांत फिरू लागली. शाळा जर शेतकऱ्याकडे येत नसेल तर चाकांवर घालून न्यायची. टॉमस कॅम्पबेल हा टस्कीगीचाच विद्यार्थी ती गाडी चालवायचा. पुढे तिच्या जागी मोटार ट्रक आला. दक्षिणेच्या मातीच्या रस्त्यांवरून सामान लादून, मुक्काम करत हिंडणारी ही गाडी. माझ्या व्हॅनला शंभर वर्षांपूर्वीचे पूर्वज होते हे कळल्यावर मी जरा ताठ बसून गाडी चालवू लागले.

कार्व्हरची गोष्ट आपण वाचतो ती प्रेरणेसाठी, आणि म्हणून तिथं थांबतो. याच गावाच्या नावावर दुसरीही एक नोंद आहे. 1932 सालापासून चाळीस वर्षं अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं मेकन काउंटीतल्या 600 काळ्या पुरुषांवर 'निरीक्षण' चालवलं. त्यांतल्या 399 जणांना उपदंश होता. पेनिसिलिन आल्यावरही ते त्यांना दिलं नाही. रोग कुठवर जातो ते पाहायचं होतं. हे लोक कोण? बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर बटईनं कापूस पिकवणारे. भाबडेपणानं मोफत तपासणीला आलेले. 1972 साली हे वर्तमानपत्रांत आलं, अध्यक्षांनी माफी मागितली ती 1997 साली. कार्व्हर शेवटची अकरा वर्षं त्याच गावात भुईमूग आणि रताळ्यावर काम करत होता. त्याला हे ठाऊक असल्याचा पुरावा नाही. पण मराठीत कार्व्हर वाचून मोठं झालेल्याला टस्कीगीत उभं राहून हे दोन्ही एकाच दुपारी पाहावं लागतं.

टस्कीगीतून पश्चिमेला निघालं की जमीन बदलते. मध्य अलाबामातून आडवा जाणारा काळ्या चिकणमातीचा पट्टा. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. नांगराला चिकटणारी, पाणी धरून ठेवणारी. मी गाडी थांबवून ढेकूळ हातात घेतलं. ही आपलीच माती. याच मातीमुळे इथं कापूस आला, कापसामुळे गुलाम आणले गेले, आणि आजही या काउंट्यांत काळ्यांची वस्ती बहुसंख्य आहे. हीच माती आता वेगळा छळ मांडते: तिच्यातून पाणी झिरपत नाही, त्यामुळे घरामागचे शोषखड्डे चालत नाहीत, चांगली व्यवस्था करायची तर हजारो डॉलर लागतात, आणि लाउंड्स काउंटीत कितीतरी घरांचं सांडपाणी पाइपानं थेट मागच्या अंगणात जातं. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात.

1861 साली अमेरिकेत यादवी सुरू झाली तेव्हा ब्रिटिश गिरण्यांचा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस याच दक्षिणेतून यायचा. उत्तरेनं बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या दलालांनी वऱ्हाडाकडे, खानदेशाकडे धाव घेतली. मुंबईत पैसा इतका ओतला की समुद्र भरून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. 1865 साली युद्ध संपल्याबरोबर त्या कोसळल्या, कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदसुद्धा बुडाले. पण आमच्याकडे कापसाची बाजारपेठ राहिली ती राहिलीच. 1870 साली खामगावच्या आगगाडीच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका कापूसपेठेसाठी.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 1873 साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. तेव्हाची दक्षिण खरोखर आशा वाटावी अशी होती. मिसिसिपीनं 1870 साली हायरम रेव्हल्स हा पहिला काळा सिनेटर वॉशिंग्टनला पाठवला होता. 1877 साली उत्तरेचं सैन्य परत गेलं आणि सगळं फिरलं. जमीन मालकाची, बियाणं-किराणा मालकाच्याच दुकानातून उधार, कापूस तोलणारा तो, वही त्याची. वर्षअखेरीला अर्धा कापूस त्याचा आणि उरलेल्या अर्ध्यातून त्याचीच उधारी. जोतीरावांनी पुढे 'शेतकऱ्याचा आसूड'मध्ये जी वही दाखवली, तिची अलाबामाची आवृत्ती अशी होती. त्यांची अर्पणपत्रिका या मुलखात कुणी वाचली असेल असं वाटत नाही. मी ती हायवे 80वर उभी राहून मोठ्यानं वाचली. ऐकायला एक गाय होती.

लाउंड्स काउंटीत 1965च्या सुरुवातीला ऐंशी टक्के वस्ती काळ्यांची होती आणि मतदारयादीत काळं नाव एकही नव्हतं. नाव नोंदवायला गेलेल्या कुळांना मालकांनी जमिनीवरून हाकललं. त्यांनी हायवेच्या कडेला तंबू ठोकले आणि दोनेक वर्षं तंबूतच काढली. त्या जागेवर आता राष्ट्रीय उद्यान सेवेचं माहिती केंद्र आहे. आत एका भिंतीवर उडी घ्यायच्या पवित्र्यातला काळा चित्ता. अलाबामात बऱ्याच मतदारांना वाचता येत नसल्यामुळे प्रत्येक पक्षाला मतपत्रिकेवर चित्र लागायचं, आपल्या निवडणूक चिन्हांसारखंच. राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि वर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. लाउंड्सच्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला आणि कोंबड्यासमोर चित्ता उभा केला. ऑक्टोबर 1966मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या तरुणांनी हा चित्ता उचलला आणि ब्लॅक पँथर पक्ष झाला. 1972 साली तो मुंबईत उतरला. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या दलित पँथरची वंशावळ मागं नेत गेलं तर ती या तंबूंच्या जागेवर, कापसाच्या शेतातून हुसकावलेल्या कुळांपाशी येऊन थांबते. केंद्रातल्या कर्मचारीबाईंना मी मुंबईच्या पँथरबद्दल सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि ढसाळांच्या नावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं.

सेल्मा तुम्ही चित्रपटात पाहिलंय. मताधिकाराच्या मोर्चाचा पूल तोच आहे, नावही तेच, एडमंड पेटस या गुलामगिरीवादी सेनापतीचं. 1960 साली गावात 28,000 माणसं होती, 2020च्या गणनेत 18,000ही भरली नाहीत. जानेवारी 2023मधल्या टोर्नेडोनं उडवलेली छपरं काही ठिकाणी अजून निळ्या ताडपत्रीखाली होती. तिथं मी एक रात्र काढली आणि पुढे निघाले.

मिसिसिपीत नॅचेझ ट्रेस नावाचा 444 मैलांचा जंगलरस्ता लागतो. मालवाहू ट्रकांना बंदी, ताशी ऐंशी किलोमीटरची मर्यादा, एकही जाहिरात फलक नाही, आणि जेफ बझबीचा तळ फुकट. तिथून पश्चिमेला उतरत ग्रीनवुडच्या अलीकडे टेकड्या एकदम संपतात. शेवटचा उतार संपला की समोर सपाटी, क्षितिजापर्यंत. याला डेल्टा म्हणतात, पण हा समुद्रमुखाचा त्रिभुज प्रदेश नव्हे. मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधलं पूरमैदान. गाळ इतका खोल की दगड शोधून सापडत नाही.

आणि इथं अखेर मला हवा तसा कापूस दिसला. पानं झडवायचं औषध मारलेलं, त्यामुळे हिरवं काहीच नाही, काड्यांवर नुसती पांढरी बोंडं, एका मोकळ्या रेषेत कोसभर. पण दोन शेतं पांढरी तर पुढची पाच तपकिरी. सोयाबीन. मका. तळ्यांतला मासा. डेल्टातही कापूस मागं हटत गेलाय, विदर्भात हटला तसाच, आणि त्याच सोयाबीनपुढे.

शेतात माणूस नव्हता. एक हिरवं यंत्र सहा ओळी एकदम गिळत येत होतं. त्याच्या पोटात कापूस गुंडाळला जातो आणि ठराविक वेळानं मागून पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधलेला गोल गठ्ठा बाहेर पडतो, साधारण 23 क्विंटलचा. असे गठ्ठे धुऱ्यावर ओळीनं पडलेले. एका गठ्ठ्यातून जिनिंगनंतर सुमारे चार गाठी निघतात. त्यांची गाठ 480 पौंडांची, म्हणजे 218 किलोची, आपली 170ची. पहिल्या वेचणीची सीतादहीची पूजा नाही, ओटे बांधलेल्या बाया नाहीत, संध्याकाळी तराजूभोवतीचं भांडण नाही. मी दोन तास कडेला बसून राहिले. चालक जेवायला उतरला तेव्हा बोललो. गोरा, विशीतला, बोलण्याची ढब वेगळी. तो दक्षिण आफ्रिकेचा निघाला, शेतमजुरांच्या तात्पुरत्या व्हिसावर हंगामापुरता आलेला. (माझाही व्हिसा एच अक्षरानंच सुरू होतो हे त्याला सांगितल्यावर त्यानं मला अर्धं सँडविच देऊ केलं.) डेल्टात असे दक्षिण आफ्रिकन आता पुष्कळ आहेत. शेजारच्या सनफ्लॉवर काउंटीतल्या काळ्या शेतमजुरांनी 2021 साली फेडरल न्यायालयात दावा लावला: पिढ्यान् पिढ्या इथं राबणाऱ्या आम्हाला कमी रोज, आणि परदेशातून आणलेल्या गोऱ्यांना जास्त.

ग्रीनवुड एके काळी कापसाची राजधानी म्हणवून घ्यायचं. याझूच्या काठावर कापूस दलालांच्या विटांच्या पेढ्यांची अख्खी रांग उभी आहे; काही पेढ्यांत अजून कापसाचे नमुने उलगडून बघतात, काहींत कॅफे आहेत. शेतकऱ्यांची विक्री सहकारी संस्था, स्टेपलकॉटन, 1921 सालापासून इथूनच चालते, आणि ती चालू आहे. आपल्या राज्याची एकाधिकार खरेदी 1972 साली सुरू झाली आणि तोट्यात रुतून संपली. तिच्याबद्दल आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. जून 1966मध्ये ग्रीनवुडच्याच एका मैदानात नागरी हक्क चळवळीतल्या स्टोकली कारमायकेलनं 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा दिली. लाउंड्सच्या चित्त्यामागंही तोच होता. याच ग्रीनवुडच्या रुग्णालयात 2022 पासून बाळंतपणाचा विभाग नाही.

गावाच्या उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटरवर मनी नावाची वस्ती आहे. वस्ती म्हणजे रूळ, एक जुनं जिनिंग, आणि वेलींनी गिळलेली एक पडकी भिंत. ही भिंत एका किराणा दुकानाची. ऑगस्ट 1955मध्ये शिकागोहून सुट्टीला आलेला चौदा वर्षांचा एमेट टिल या दुकानात गेला. दुकानदाराच्या गोऱ्या बायकोकडे बघून शिट्टी वाजवली असं म्हणतात. चौथ्या रात्री त्याला घरातून उचललं, मारलं आणि टॅलहॅची नदीत टाकलं. प्रेत वर येऊ नये म्हणून गळ्यात काटेरी तारेनं काय बांधलं होतं? जिनिंगचा पंखा. सरकी सोडवताना कापूस पुढे ढकलणारा, लोखंडी, पस्तीसेक किलोचा. मी जिनिंगच्या आवारात वाढले. तो पंखा मी पाहिलाय, त्याचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो, आणि मनीच्या त्या भिंतीसमोर मला बराच वेळ गाडी चालू करता आली नाही.

समनरच्या न्यायालयात सगळ्या गोऱ्या ज्यूरींनी तासाभरात आरोपींना सोडलं. नदीकाठी प्रेत सापडल्याची पाटी लावली, ती चोरीला गेली. नवी लावली, तिला गोळ्या घातल्या. पुन्हा नवी, पुन्हा गोळ्या. ऑक्टोबर 2019 पासून तिथं गोळी न शिरणाऱ्या पोलादाची जाड पाटी आहे. जुलै 2023मध्ये ही जागा आणि समनरचं न्यायालय राष्ट्रीय स्मारक झालं.

मिसिसिपी नदीच्या अगदी काठच्या पट्ट्यात, हायवे 1वर, स्कॉट नावाचं गाव आहे. नकाशात दिसेल न दिसेल. इथं डेल्टा अँड पाइन लँड कंपनीचं मुख्यालय होतं. 1911 साली मँचेस्टरच्या सूतगिरणीवाल्यांनी 38,000 एकरांचा हा मळा विकत घेतला, म्हणजे इंग्रज मालक मिसिसिपीतही होते आणि मूर्तिजापूर-यवतमाळच्या आमच्या शकुंतला गाडीतही. पुढे कंपनी बियाण्यात उतरली. 1996 साली अमेरिकन शेतकऱ्याला जे पहिलं बीटी कापसाचं वाण मिळालं ते या कंपनीचं, मोन्सँटोचं जनुक घातलेलं. मार्च 1998मध्ये कंपनीनं आणि अमेरिकन कृषी खात्यानं मिळून बी वांझ करण्याचं पेटंट घेतलं आणि भारतात 'टर्मिनेटर'विरुद्ध रान उठलं. ते तंत्र बाजारात कधी आलं नाही. 2002 साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. 2007 साली मोन्सँटोनं दीड अब्ज डॉलर मोजून कंपनी घेतली, 2018 साली मोन्सँटो बायरमध्ये गेली. आमच्या वावरातल्या पुडक्यांचं मूळ शोधायला मी गेले तर तिथं होतं एक फाटक, काही बसकी गोदामं आणि खूप आकाश. सुरक्षारक्षकानं सौजन्यानं परत वळायला जागा दाखवली.

तिथून ईशान्येला माउंड बायू. 1887 साली आयझाया माँटगोमेरी या मुक्त गुलामानं जंगल तोडून वसवलेलं, संपूर्ण काळ्यांचं गाव. स्वतःची बँक, स्वतःची दुकानं, 1912 साली बुकर वॉशिंग्टनच्या हस्ते उघडलेली सरकीच्या तेलाची गिरणी, 1942 साली रुग्णालय. टिल खटल्याच्या वेळी मुलाची आई आणि काळे पत्रकार इथं सुरक्षित राहिले. पण याच माँटगोमेरीनं 1890च्या घटनासमितीत, एकमेव काळा सभासद असून, काळ्यांचा मताधिकार काढून घेणाऱ्या तरतुदींना पाठिंबा दिला. गाव वाचवण्यासाठी, असं म्हणतात. मला या माणसाबद्दल अजून ठरवता आलेलं नाही. आता गावात दीड हजार लोक आहेत. जेवायला हॉट तमाले मिळतात, मक्याच्या टरफलात शिजवलेलं तिखट मक्याचं पीठ. शतकापूर्वी कापूस वेचायला आलेल्या मेक्सिकन मजुरांकडून ते इथल्या स्वयंपाकात आलं असं म्हणतात. आत मांस असतं, त्यामुळे मी वास घेऊन समाधान मानलं.

क्लार्क्सडेल हा शेवटचा मुक्काम. ब्लूज ऐकायला येणाऱ्या युरोपियनांच्या गाड्या इथं दिसतात. स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा ब्लूज गायक मडी वॉटर्स 1943 साली मजुरीवरून मालकाशी वाजल्यावर आगगाडीत बसून शिकागोला गेला. त्याची खोपटी आता जुन्या मालधक्क्यातल्या संग्रहालयात आहे. गावाबाहेर हॉपसन मळा. ऑक्टोबर 1944मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या यंत्रांनी इथं लोकांसमोर कापूस वेचून दाखवला. मालकानं हिशेब मांडला: हातानं एक गाठ वेचायला 39.41 डॉलर, यंत्रानं 5.26. एक यंत्र पन्नास माणसांचं काम करतं. यादवीनं जे केलं नाही ते या आकड्यांनी केलं. 1910 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख काळे लोक दक्षिण सोडून गेले. निघायची कारणं अनेक होती, पण 1944नंतर त्यांना थांबवून धरण्यात मालकांनाही रस उरला नाही. हॉपसनवर आज कुळांच्या खोपट्या पर्यटकांना भाड्यानं देतात, आत एसी आणि ओसरीवर झोपाळा. मला तिथं राहवलं नाही. अलीकडच्या एका मोटेलच्या आवारात गाडी लावली. मालकीणबाई नवसारीच्या, त्यांनी न विचारता चहा आणला आणि भाडं घेतलं नाही.

तिथूनच काकांना फोन लावला. आमच्याकडे पहिली वेचणी सुरू व्हायची होती.

"तिकडं वेचाले बाया भेटतेत का वं?"

बायाच नाहीत, म्हटलं. एक पोरगा आणि एक यंत्र.

"मंग त्या बाया गेल्या कुठं?"

शिकागो, डेट्रॉइट, सेंट लुइस. आगगाडीनं. मी हॉपसनचा हिशेब सांगितला. काकांनी मजुरीचे आकडे नेहमीसारखे पाठ असल्यासारखे मांडले: बाई किलोला किती मागते, नेण्या-आणण्याचा ऑटो, दुसऱ्या वेचणीला कसं कुणी येत नाही, पोरी कशा पुण्याच्या कंपन्यांत गेल्या. पुढे 2025च्या ऑगस्टात केंद्र सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं, तेव्हा ते मला पुन्हा म्हणाले की तुझ्या त्या पोराच्या यंत्राचा कापूस आता आमच्या हमीभावाच्या मानेवर बसणार. पण त्या रात्री त्यांना वेगळंच कुतूहल होतं. यंत्राची किंमत विचारली. नवीन घेतलं तर दहा लाख डॉलरच्या आसपास, मी म्हटलं. रुपयांत किती ते त्यांनी मनात केलं आणि सोडून दिलं.

"एका फेरीत किती वळी म्हणालीस?"

"सहा."

"लांबी?"

मी हात पसरून दाखवत होते, फोनवर, उगाच.

"अन् आपल्या सात एकरात ते आणलं तं वळवाचं कुठं? धुऱ्यावर? पलीकडं गुलाबरावची तूर हाये, तो मले सोडन का?"